एका जास्वंदीच्या तीन वह्या

आमच्या वेळी जास्वंद वर्षातून तीनदा फुलायची, तीही वहीत. विज्ञानाच्या वहीत तिला बाण असायचे : पाकळी, देठ, पुंकेसर, स्त्रीकेसर. बाण वेडेवाकडे गेले की अर्धा गुण जायचा. चित्रकलेच्या वहीत ती चौकोनाच्या चार कोपऱ्यांत बसायची आणि तिला संकल्पचित्र म्हणायचे. तिथे पुंकेसर असले काय नि नसले काय, कुणी विचारायचं नाही. मराठीच्या वहीत ती बोलायची. 'मी जास्वंद बोलतेय' असं म्हणून मनोगत सांगायची आणि शेवटच्या ओळीत गणपतीच्या पायाशी जाऊन कृतार्थ व्हायची. या तिघींची एकमेकींशी ओळख नव्हती. गंमत अशी, की चौथीपर्यंत तिन्ही विषय शिकवणारे गुरुजी एकच होते. घंटा झाली की तेच विज्ञानातून उठून चित्रकलेत जाऊन बसत. आणि विज्ञानाच्या तासाला कुणी जास्वंदीत लाल रंग भरलाच, तर 'हा काय चित्रकलेचा तास आहे?' म्हणून कान पिळणारेही तेच.

आता जास्वंद एकदाच फुलते आणि फाइलमध्ये फुलते. फाइलीवर चकाकत्या पेनाने लिहिलेलं असतं : 'माझा प्रकल्प – फुलांचं जग'. आत खऱ्या फुलाचे भाग सुटे करून चिकटपट्टीने लावलेले असतात, खाली नावं असतात. पुढच्या पानावर पाकळ्यांचे ठसे घेऊन केलेलं चित्र, त्याच्या पुढे आठ ओळींची कविता, आणि शेवटी 'या प्रकल्पातून मी काय शिकलो'. आमच्या तिन्ही वह्या एका पिनेत. हे चांगलं आहे, आणि चांगलं आहे हे मान्य करायला आम्हांला जरा वेळ लागतो. फाइल सोमवारी द्यायची असते, म्हणून रविवारी रात्री घर कामाला लागतं. आई कात्री धरते, बाबा प्रिंट काढून आणतात, आजोबा यमक पुरवतात आणि विद्यार्थी मधूनमधून येऊन 'झालं का?' विचारून जातो. विज्ञान, कला आणि लेखन एकत्र आलं खरं. पण ते आलं तेव्हा मूल झोपायला गेलं होतं.

विषय असे एकत्र गुंफण्याची कल्पना आजची आहे, असं मात्र कुणी समजू नये. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळे विषय शिकवायचे असं ठरलं. त्याला समवाय म्हणत. कापसाच्या एका बोंडातून शेती निघावी, हवामान निघावं, धाग्याच्या लांबीतून गणित निघावं, कापडाच्या रंगातून कला निघावी. ताराबाई मोडक तर त्याच्याही आधीपासून बालशिक्षणात होत्या. पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं मानून आदिवासी मुलांना शिकवलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. कागदावर आणि टेकडीवर हे सगळं आजच्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा सुंदर होतं.

आमच्यातल्या थोरल्यांच्या वाट्याला त्यातली फक्त तकली आली. समवाय गुरुजींच्या प्रशिक्षणाच्या परीक्षेत राहिला आणि वर्गात पेळू पोहोचला. धागा तुटला की छडी, लडी भरली की शाबासकी. कापूस कुठे पिकतो हे भूगोलात वेगळं पाठ करायचं. धाकट्यांच्या वाट्याला कार्यानुभव आला. श्रावणात राख्या, दिवाळीआधी पणत्या, आणि वर्षातून एकदा खडूचे साचे. राखी करताना मुलांचे हात गोंदाने भरायचे आणि खडू करताना पांढरे व्हायचे, यापलीकडे त्या कामाचा दुसऱ्या कुठल्या विषयाशी संबंध आहे असं कुणी आम्हांला सांगितलं नाही. प्लास्टर पाण्यात कालवलं की साचा हाताला गरम लागायचा. तो का गरम लागतो, हे विचारायची सोय नव्हती. तो कार्यानुभव होता, विज्ञान नव्हतं.

आज ते विचारायची सोय आहे, इतकंच नव्हे तर सक्ती आहे. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने सांगितलं की मूल स्वतः ज्ञान रचतं. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि परीक्षेच्या जोडीला तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेला इतर विषयांत मिसळायला सांगितलं. २०२४ मध्ये राज्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आला. आमच्या वेळी शनिवार आनंददायीच असायचा, कारण शाळा सकाळची असायची आणि लवकर सुटायची. त्यासाठी शासन निर्णय लागला नव्हता. पण हे झालं टोमणे मारणं. खरं बघायचं तर वर्ध्याला जे ठरलं होतं, ते इतक्या वर्षांनी परिपत्रकाच्या वाटेने का होईना, वर्गाच्या दारापर्यंत आलं आहे.

आमच्या शाळेत विज्ञान कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. तपासणीला साहेब येणार असले की कपाट उघडायचं, चंचुपात्रं पुसली जायची, भिंग टेबलावर यायचं, आणि साहेब गेले की सगळं पुन्हा आत. प्रयोग आम्ही केले नाहीत, प्रयोग आम्ही लिहिले. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मेणबत्तीवर पेला उपडा ठेवला की ती विझते, हे आमच्यातल्या कित्येकांनी न बघता आयुष्यभर खरं मानलं. निरीक्षण गुरुजी फळ्यावर लिहायचे, ते आम्ही उतरवून घ्यायचो आणि कुणाचं निरीक्षण वेगळं आलं तर ते चूक असायचं. ज्यांना हल्ली जुनं शिक्षण पक्कं होतं असं वाटतं, त्यांनी कृपा करून हे आठवून बघावं. पाठांतर पक्कं होतं, यात शंका नाही.

आज तिसरीतली मुलगी शीतपेयाच्या नळीचं टोक चपटं करून, त्याला दोन तिरके काप देऊन पिपाणी वाजवते. वाजवता वाजवता नळी कात्रीने कापत जाते आणि आवाज चढत गेला की हसते. लांबी कमी झाली की सूर चढतो, हे तिला पाठ करावं लागत नाही. मूळचे आयआयटीचे अभियंते असलेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रिकाम्या बाटल्या यांतून अशी कितीतरी खेळणी उभी केली आणि पुण्याच्या आयुकामध्ये बसून ती सगळ्या देशाला फुकट वाटली. आमच्याकडेही काड्या होत्या, व्हॉल्व्हट्यूब होती, बाटल्या तर होत्याच. फक्त ते विज्ञान आहे, असं म्हणणारा कुणी नव्हता. आमच्या हातात त्या गोष्टी दिसल्या की 'काय कचरा गोळा केलास' एवढंच ऐकू यायचं.

तरीही आम्ही काहीतरी गोळा करायचोच. पावसाळ्याच्या सुरुवातीला काचेच्या पेल्यात टीपकागद गुंडाळून, काच आणि कागद यांच्यामध्ये वालाचं बी अडकवायचं आणि तळाशी जरासं पाणी ठेवायचं. टीपकागद नसला तर वर्तमानपत्र. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी पेला बघायचा. आधी काही नाही. मग बी फुगायचं, साल सुरकुतून फाटायची, आणि एका सकाळी पांढरं टोक बाहेर आलेलं असायचं. ते कसंही ठेवलं तरी खालीच वळायचं. आम्ही पेला आडवा करून बघायचो, दोन दिवसांनी मूळ काटकोनात वाकून पुन्हा खाली निघालेलं दिसायचं. याची नोंद कुठे केली नाही, कारण कुणी मागितली नव्हती. शेवटी आई पेला रिकामा करून मागायची, कारण घरात पेले मोजकेच होते.

आता बी रुजताना कापसाच्या बोळ्यावर रुजतं आणि त्याचा रोज फोटो निघतो. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस असे फोटो ओळीने चिकटतात. एखाद्या दिवशी फोटो राहिला तर यूट्यूबवर अख्खं रोप अर्ध्या मिनिटात वाढून दाखवणारी चित्रफीत असते. ती बघण्यासारखीच असते. मूळ जमिनीत वळवळत घुसताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, ते तिच्यात दिसतं. आमचा पेला त्या मानाने फारच कंटाळवाणा होता. बहुतेक दिवशी त्यात काहीही घडायचं नाही. पण त्या काही न घडणाऱ्या सकाळींमुळेच तर पांढरं टोक दिसल्यावर घरभर ओरडत सुटावंसं वाटायचं.

पिंपळपानाचंही तेच. जाळीदार पान ही आमच्या पिढीची खास मालमत्ता. त्यावर रंगवायचं, ते भेटकार्डावर लावायचं, नाहीतर नुसतंच जपायचं. पुस्तकात ठेवलं की पानाची जाळी होते, अशी पुष्कळांची समजूत होती. तसं होत नाही. पुस्तकात पान नुसतं वाळतं. जाळी हवी तर पान पाण्यात कुजवावं लागतं, दोन-तीन आठवडे पाणी बदलत राहावं लागतं, आणि मग बोटाच्या टोकाने किंवा जुन्या ब्रशने हलक्या हाताने हिरवा गर सोडवावा लागतो. तो वास घरात कुणालाच सोसायचा नाही, म्हणून बादली मागच्या अंगणात जायची. पान फाटायचं, पुन्हा दुसरं घालायचं. एक अख्खं निघालं की उजेडासमोर धरून शिरा बघायच्या. त्या शिरा पाहताना आम्ही वनस्पतिशास्त्र शिकत होतो की चित्रकला, हे आजही सांगता येणार नाही.

आज जाळीची पानं दुकानात पाकिटात मिळतात, रंगवलेलीसुद्धा. सूर्यमाला मिळते, ज्वालामुखी मिळतो, पावसाच्या चक्राचा तयार तक्ता मिळतो. थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली, त्यामुळे ग्रह आता दुसऱ्या कशाचे तरी असतात, पण असतात तयार. आमच्या सूर्यमालेत शेंगदाण्यापासून लिंबापर्यंत काहीही चालायचं आणि प्लूटो हमखास हरवायचा. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी त्याला ग्रहांच्या यादीतून वगळलं, तेव्हा आमच्या वयाच्या लोकांना जरा हायसंच वाटलं. चिकटवायला खळ असायची. कणीक पाण्यात शिजवायची, बुरशी येऊ नये म्हणून बुकबाइंडरकाका तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे आणि पोरांना डबा तोंडाजवळ न्यायची बंदी असायची. मोरचूद विषारी आहे म्हणून बुरशी मरते, हे आम्ही रसायनशास्त्रात फार उशिरा वाचलं. डब्याला हात लावायचा नाही, हे मात्र आधीपासून माहीत होतं.

लेखनाच्या बाबतीत आम्हांला फार अभिमान बाळगता येणार नाही. झाडाचं आत्मवृत्त, नदीचं मनोगत, फाटक्या छत्रीची कैफियत, सगळं लिहिलं. पण वर्गातल्या साऱ्या छत्र्या एकाच शब्दांत रडायच्या, कारण साऱ्यांनी निबंधमाला एकच घेतली होती. झाड नेहमी पांथस्थांना सावली द्यायचं आणि शेवटी कुऱ्हाडीखाली यायचं. ते श्वास कसा घेतं, पाणी वर कसं खेचतं, रात्री काय करतं, हे आत्मवृत्त असूनही त्यात कधी येत नसे. ते विज्ञानाच्या वहीत होतं. मोठ्यांच्या जगातही भिंत होतीच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, तिचे लेखक होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून आलेले. नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी ती युक्ती केली. पण आम्हां पोरांना त्यातून कळली ती वेगळीच बातमी : शास्त्रज्ञ गोष्टसुद्धा लिहू शकतो.

आजच्या मुलांना ती बातमी जन्मजात ठाऊक आहे. 'तू पाण्याचा थेंब आहेस, समुद्रातून घरच्या नळापर्यंतचा प्रवास लिही' असं त्यांना सांगतात, आणि त्या प्रवासात बाष्पीभवनही येतं, ढगही येतो, टँकरही येतो. टँकर आमच्या एकाही थेंबाला भेटला नव्हता. एका मुलाचा थेंब टँकरच्या रांगेत भांडण ऐकून परत ढगात जायचं म्हणतो, हे वाचल्यावर आपल्या सगळ्या छत्र्या आणि नद्या परत घ्याव्यात असं वाटतं. दुसऱ्या फाइलमधला थेंब मात्र फारच सफाईने बोलतो. तीन परिच्छेद, प्रत्येकात एक उपमा, शेवटी जलसंवर्धनाचा संदेश. तो थेंब कुणाच्या मोबाइलमधून गळला आहे, हे बाईंनाही कळतं. आम्ही निबंधमालेतून उतरवायचो, हे यंत्राकडून उतरवतात. फरक इतकाच, की उतरवता उतरवता आमचं अक्षर सुधारायचं.

अक्षरावरून हस्तलिखित आठवतं. वर्षातून एकदा शाळेचं हस्तलिखित निघायचं आणि त्याची प्रत एकच असायची. चांगल्या अक्षराची मुलं ते लिहायची, चांगल्या हाताची मुलं चित्रं काढायची, आणि ज्यांना यातलं काहीच येत नसे त्यांना 'तुम्हांला माहीत आहे काय?' हे सदर मिळायचं. त्यात पृथ्वीपासून चंद्राचं अंतर, मुंगी आपल्या वजनाच्या किती पट उचलते, असली माहिती यायची आणि तिला कडेने वेलबुट्टी. एखाद्या पानावर शाई सांडली तर त्या डागाचं फूल करायचं, पान फाडायची परवानगी नव्हती. प्रकाशन झालं की हस्तलिखित कपाटात जायचं. विज्ञान, कला, लेखन तिथेही एकत्र होतं आणि तिथेही किल्ली मुख्याध्यापकांकडेच होती.

आता शाळेचा अंक पीडीएफ होऊन पालकांच्या गटावर येतो. तो प्रत्येकाच्या हातात असतो, त्यात प्रत्येक मुलाचं काहीतरी असतं. आमच्या हस्तलिखितात वर्गातल्या निम्म्या मुलांचं नावही नसायचं. अंक रंगीत असतो, पान उलटल्याचा आवाजही येतो. लोक अंगठा उंचावतात, हात जोडतात, दोन दिवसांत तो शुभेच्छांच्या खाली गाडला जातो. आमचं एकुलतं एक हस्तलिखित कपाटात वाळवीने खाल्लं, यांचं फोनच्या साठ्यात गाडलं जातं. यात कुणाचं जास्त टिकलं, हा हिशेब सरळ बरोबरीत सुटतो. आम्हांला त्यातही जिंकावंसं वाटतं, ही आमची खोड.

विज्ञान, कला आणि गोष्ट यांची खरी भेट आमच्या वेळी शाळेत झालीच नाही, ती दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्यावर झाली. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि गोणपाटावर पेरलेले अळीव. अळीव लवकर उगवतात, म्हणून वसुबारसेच्या आधी दिवस मोजून पेरायचे. उशीर झाला तर किल्ला टकलू राहायचा. सगळ्यात मोठं काम कारंज्याचं. डॉक्टरांच्या दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी चिखलाखालून न्यायची, तिचं एक टोक वर खिडकीत ठेवलेल्या डब्यात आणि दुसरं किल्ल्याच्या तळ्यात. कारंजं उंच उडेना म्हणून खाली तोंड बारीक करून बघायचं, नळी बदलून बघायची. डब्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा ते वर जाणारच नाही, हे दोन-तीन दिवाळ्या भिजल्यावर कळलं, आणि मग डबा खिडकीतून माळ्यावर गेला. वर सिंहासनावर महाराज, वाटेवर मावळे, पायथ्याशी मावळ्यांपेक्षा मोठी गवळण आणि तिच्यापेक्षा मोठा वाघ. येईल त्याला किल्ल्याची गोष्ट सांगायची. ती दर पाहुण्यागणिक वाढत जायची.

आता तयार किल्ले मिळतात, हे खरं. पण ज्या सोसायटीत मुलं स्वतः किल्ला करतात, तिथे जाऊन बघितलं की तोंड बंद होतं. ती राजगडाचा नकाशा काढून आणतात. बालेकिल्ला मध्ये, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या आपापल्या दिशेला, माप धरून. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांची यादी त्यांना तोंडपाठ असते, आणि त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे हेही ती आपल्याला ऐकवतात. आमच्या किल्ल्याच्या पाटीवर 'राजगड' लिहिलेलं असे, पण तो सिंहगड म्हणूनही चालला असता, आणि पुढच्या वर्षी चालायचाही. फक्त आता किल्ल्यासमोर परीक्षक येतात. त्यांच्या हातात कागद असतो आणि कागदावर रकाने : ऐतिहासिक अचूकता, पर्यावरणपूरकता, सादरीकरण. त्यामुळे वाघ गेला. तो प्रमाणात बसत नव्हता.

या रकान्यांची गंमत शिक्षकांना विचारावी. मूल काय करतं याच्या 'वर्णनात्मक नोंदी' प्रत्येकाच्या नावापुढे लिहायच्या असतात. कल्पना चांगली; गुणांच्या आकड्यापेक्षा वाक्य केव्हाही बरं. पण पटावर चाळीस मुलं, विषय सात-आठ, आणि सत्रं दोन. तेव्हा तयार वाक्यांच्या याद्या फिरतात. 'परिसरातील वस्तूंचे बारकाईने निरीक्षण करतो.' 'टाकाऊपासून टिकाऊ वस्तू बनवतो.' 'आपले विचार स्वतःच्या शब्दांत मांडतो.' हे शेवटचं वाक्य साऱ्या जिल्ह्यात एकाच शब्दांत मांडलेलं असतं. उपक्रम झाला की त्याचा फोटो केंद्रप्रमुखांच्या गटावर जातो. फोटो गेला नाही तर उपक्रम झाला नाही. आमच्या गुरुजींनी काही केलं नाही तरी कुणाला कळत नव्हतं, आताच्या बाईंनी कितीही केलं तरी ते दाखवावं लागतं. दोन्हींत बाईंचीच दमछाक जास्त आहे, हे आम्ही तरी कबूल करायला हवं.

मध्यंतरी एक गोष्ट झाली होती. २०२३-२४ मध्ये सरकारी पाठ्यपुस्तकांत धड्यांमागे कोरी पानं जोडली. वर छापलं होतं 'माझी नोंद'. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि मुलांनी वाटेल ते टिपावं, असा हेतू. आम्ही त्या पानांवर फार आशा ठेवली होती. प्रत्यक्षात मुलं वह्या आणतच राहिली, पानं बहुतेक कोरी राहिली, आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. आम्हांला कोऱ्या पानांचं इतकं अप्रूप का वाटावं? आमच्या वेळी पाठ्यपुस्तकात रेघ ओढली तरी मार बसायचा. नोंदी करायच्या त्या वहीच्या मागच्या पानांवर, जी शिक्षक तपासत नसत. आमचं खरं शिक्षण त्या मागच्या पानांवर झालं, असं आम्ही अलीकडे छातीठोकपणे सांगू लागलो आहोत.

त्या वहीत मोरपीस असायचं. त्याला पिल्लू होतं, अशी पक्की माहिती होती. त्यासाठी पेन्सिलीचा भुसा चारायचा, वही फार उघडायची नाही, पण रोज एकदा उघडून बघायचं. कुणाच्या पिसाशेजारी बारीक तंतू गळून पडला की वर्गभर बातमी. कुणी भुशाऐवजी तांदूळ घालून बघे, कुणी पीस अंधारात ठेवे, कुणी उन्हात. शेजारी विद्येचं पान, म्हणजे मोरपंखीची चपटी डहाळी, शोभेला आणि उत्तीर्ण होण्यासाठी. गृहीतक चूक, साहित्य चूक, अनुमान तर आलंच नाही. पण निरीक्षण असं चिकाटीचं, की पुढे कुठल्या प्रयोगशाळेतही आमच्या हातून तसं झालं नाही. शास्त्र, शोभा आणि गोष्ट यांचं एकत्रीकरण म्हणतात ते हेच. ते करायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि केलेलं कुणी बघितलंही नाही.

इथवर आलं की गळा दाटतो, म्हणूनच इथे थांबून स्वतःवर संशय घ्यावा. ही आठवण नेमकी कुणाची आहे? आमच्या वर्गात रंगपेटी असलेली मुलं मोजकी होती. बाकीची त्यांच्या बाकाशेजारी उभी राहून लाल रंग उसना मिळायची वाट बघायची. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिलेल्या मुलींकडे मोरपीस नव्हतं. चौथीनंतर जी मुलं रानात किंवा कामावर गेली, ती असले लेख लिहीत नाहीत. आम्ही जे 'आम्ही' म्हणतो, ते शाळेतून तगून निघालेल्यांचं आम्ही आहे. आज वस्तीवरच्या शाळेतली मुलगी गटात बसून सगळ्यांच्या रंगपेटीतून जास्वंद रंगवते, आणि तिच्या कवितेवर बाई छान म्हणून शेरा देतात, तेव्हा आमचं पिंपळपान तिच्यासमोर नाचवायचं कारण नाही.

तरी शोक उरतो, त्याचं काय करायचं? परवा शेजारची तिसरीतली मुलगी दारात आली. "काका, लिंबू आहे? अर्धं चालेल." तिच्या हातात कागद होता, जास्वंदीची फुलं घासून जांभळट केलेला. त्यावर तिने लिंबाच्या रसाने फूल काढलं, ते गुलाबी उमटलं. खायच्या सोड्याच्या पाण्याने पानं काढली, ती हिरवी उमटली. खाली पेन्सिलीने गोष्ट होती : जास्वंदीला गोड बोललं की ती लाजते आणि तिला चिडवलं की हिरवी होते. आम्ल नि अल्क यांची इतकी माणसाळलेली व्याख्या आम्ही कुठे वाचली नव्हती. शाळेत दाखवायचा का हा कागद, असं विचारलं तर ती म्हणाली, "नाही हो, शाळेचा मी दिलाय. हा माझा आहे." आणि बघू दिल्याचाच पश्चात्ताप झाल्यासारखी कागद दुमडून निघून गेली.

तेव्हा लक्षात आलं, की वहीची मागची पानं कुठे गेलेली नाहीत. फक्त ती आम्हांला दिसत नाहीत, कारण आता आम्ही तपासणाऱ्यांच्या बाजूला आहोत. आमच्या गुरुजींना आमचं मोरपीस दिसलं नव्हतं, तसं आम्हांलाही यांचं दिसू नये, हेच रास्त आहे. गुरुजींचं दुर्लक्ष हे काही त्यांचं शैक्षणिक तत्त्व नव्हतं. वर्ग मोठा होता आणि त्यांना वेळ नव्हता. त्या दुर्लक्षात कितीतरी मुलं वाया गेली. पण त्याच दुर्लक्षात उरलेल्यांना मोकळी जागा मिळाली. आजच्या लक्ष देण्यात मुलं वाया जात नाहीत, आणि मोकळी जागा मात्र त्यांना चोरून मिळवावी लागते. यांतलं एक निवडायचं झालं तर आजचं निवडावं, यात वादच नाही. हळहळ निवडून होत नाही, म्हणून ती आमच्याकडे राहिली आहे.

आमचं मागणं अगदी लहान आहे. प्रकल्प असू द्या, फाइल असू द्या, जास्वंदीच्या तिन्ही वह्या एका पिनेत असू द्या. वर्षातून एक काम मात्र असं असावं, ज्याला विषय नाही, गुण नाहीत, फोटो नाही आणि रविवारची रात्र नाही. मुलाने ते करावं, लपवावं, नाहीतर फेकून द्यावं. अर्थात आम्ही हे मागितलं आणि कुणी मनावर घेतलं, तर त्याचं परिपत्रक निघेल, परिपत्रकाला विहित नमुना असेल, आणि बाईंना प्रत्येक मुलाच्या नावापुढे नोंद करावी लागेल : 'विद्यार्थ्याने केलेले काम कोणालाही दाखवले नाही – साध्य'. त्यापेक्षा हे मागणं कुणाच्या टेबलापर्यंत पोहोचलं नाही, तरच बरं.